किल्ल्याच्या बावडीचं पाणी

मी गुंड बोलतोय. नाव ऐकून दाराला कडी लावू नका. आमच्या भंडाऱ्याकडे पाणी आणायच्या पितळी भांड्याला गुंड म्हणतात. गळा अरुंद, पोट मोठं. त्यामुळे माझ्यात पाणी राहतं तशा गोष्टीही राहतात. आजवर एकही सांडली नाही. आज थोडी सांडणार आहे.

माझा जन्म भंडाऱ्यात, एका कासाराच्या भट्टीशेजारी झाला. जन्म कसला, मारच तो. हातोडीचे ठोके खाऊन खाऊन पोटाला गोलाई आली. त्या ठोक्यांच्या खुणा अंगभर आहेत. उन्हात धरलं की माशाच्या खवल्यांसारख्या चमकतात. उजव्या कुशीला मात्र एक मोठा पोचा आहे, तो कासाराचा नाही. तो कसा पडला हे दोघांनाच ठाऊक, मला आणि माझ्या मालकिणीला, शकुनबाईला. कोणी विचारलं तर ती सांगते, "अंगणात पडला होता." मी भांडं आहे. मी गप्प बसतो.

शकुनबाईच्या लग्नात मी आंदणात आलो. गळ्यापाशी ठिपक्या-ठिपक्यांनी तिचं नाव घातलेलं आहे. सासरचं गाव धानाचं, तलावाकाठचं. तलावाच्या पलीकडे पडका किल्ला आणि किल्ल्यात पायऱ्यांची बावडी. गावची विहीर घरापासून पन्नास पावलांवर होती. तरी शकुनबाई मला कमरेवर घेऊन तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, थेट किल्ल्यापर्यंत जायची. म्हणायची, त्या पाण्यानं डाळ लवकर शिजते. हळूहळू सगळं गाव तसं म्हणू लागलं. जायचं मात्र कोणी नाही. एवढं चालण्यापेक्षा चुलीत एक लाकूड जास्त घातलेलं बरं, असा हिशेब.

मी दोन्ही पाणी पोटात वागवलं आहे. या बाबतीत माझं वेगळं मत आहे, पण ते कोणी विचारलं नाही.

पुढे शकुनबाईच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि मी फळीवर गेलो. माझ्यात चिंच भरून ठेवली गेली. तिचा मुलगा खुशाल वरठीला स्टेशनावर नोकरीला लागला, सायकलनं जाऊ-येऊ लागला, आणि त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्याचं लग्न झालं.

सून चिखल्याची. पंचफुला. तिचा बाप मँगनीजच्या खाणीत उतरणारा. जमिनीच्या आत काय आहे याचीच घरात रोज चर्चा, म्हणून असेल, पण कोणतीही गोष्ट दिसली की तिच्या आत काय आहे ते तिला हवं असायचं. बोलायची कमी. बघायची फार.

आल्याच्या तिसऱ्या दिवशी तिनं अंगणातून किल्ल्याचा बुरूज पाहिला.

"तिकडं काय हाये?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"काही नाही. पडका किल्ला हाये," खुशाल सायकलची चेन पुसत म्हणाला.

"काय काय पडलं?"

"आता काय सांगू? सारंच पडलं."

"मंग तो बुरूज काहून उभा हाये?"

खुशाल चेन पुसायचा थांबला. जन्मापासून तो बुरूज बघत होता. हा प्रश्न त्याला पडला नव्हता.

एके दिवशी ती रिकाम्या हातानं पाळीवर निघाली. शंभर पावलांत तिघांनी विचारलं, कुठं, कोणाकडं, घरी सांगितलं का. चौथी भेटली ती शेजारची बेबीबाई. तिनं काहीच विचारलं नाही, दंड धरून सुनेला घरी आणून सोडलं.

दुसऱ्या दिवशी पंचफुलानं मला फळीवरून काढलं, माझ्यातल्याच चिंचेनं मला घासलं, आणि कमरेवर घेऊन त्याच वाटेनं निघाली. बेबीबाई आपल्या दारातच उभी.

"पाण्याले चालली का व?" आणि स्वतःच म्हणाली, "किल्ल्याचं पाणी पाहिजे असन तुह्या सासूले. डाळीसाठी."

पंचफुलानं मान हलवली. सबब शोधायची गरजच पडली नाही, वाटेतच मिळाली.

मग रोजचं झालं. वाट सोपी, सपाट. डाव्या हाताला तलाव, त्यात शिंगाड्याचे वेल. उजव्या हाताला बांध्यांत, म्हणजे भाताच्या खाचरांत, उभं धान. जाताना ती भराभर चालायची, म्हणजे किल्ल्यात थोडा वेळ उरायचा. मला बावडीच्या काठावर ठेवायची आणि एका दिवसात एकच गोष्ट बघायची. एक दिवस दरवाजाच्या दगडातली बिजागरीची खाच, बोट घालून. एक दिवस खंदक, ज्यात आता कोणाचं तरी धान उभं होतं. एक दिवस तलावाकडची एक खिडकी.

खिडकी गुडघ्याएवढ्या उंचीवर होती. पंचफुला वाकली, उकिडवी बसली, शेवटी मांडी घालून बसली. तेव्हा चौकट बरोबर डोळ्यांसमोर आली. समोर पाणी, घाट, घाटावर धुणं आपटणाऱ्या बाया.

"इथं बसूनच पाहे वाटते राणी," ती मला म्हणाली. माझ्याशी ती बोलायची. "तिच्यापाशी गुंड नसन."

बघायचा राहिला होता तो बुरूजच. त्याच्या पायऱ्यांवर बोरीचं जाळं माजलं होतं. पंचफुला रोज एखादी फांदी दगडानं ठेचून बाजूला करायची. घरी गेल्यावर शकुनबाई तिच्या पदराला चिकटलेली कुसळं काढून टाकायची. बावडीच्या वाटेवर कुसळं नाहीत, ती बुरजाच्या पायथ्याशीच आहेत. पण एवढा वेळ कुठं लागला, असं शकुनबाईनं कधी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी पायऱ्या मोकळ्या झाल्या, आणि त्याच आठवड्यात अंगणात नळ आला.

खुशाल नळ सोडून बघायचा, बंद करून बघायचा. "पंचफुले, सुटली तू," तो म्हणाला. "माय, हा गुंड आता मोडीत देऊन टाकू. शहापूरच्या बाजारात स्टीलच्या घागरी आल्या. हलक्या रायतात."

पंचफुला काय बोलणार? नळ नको म्हणायला कारण लागतं, आणि बुरूज बघायचा राहिला हे कोणाच्याच घरी कारण म्हणून चालत नाही. मला पोत्यात घातलं. आठ दिवस तिची पावलं मी नुसती ऐकली. अंगणाच्या दारापर्यंत जायची, थांबायची, परत यायची.

बाजाराच्या दिवशी खुशालला सुटी होती. पोतं चुलीजवळच ठेवलेलं, तोंड उघडं. त्या दिवशी शकुनबाई गुडघे धरत स्वतः चुलीपाशी बसली.

"तू भात पाह्य," ती सुनेला म्हणाली. "डाळ मी पाहीन."

डाळीला पहिली उकळी आली. शकुनबाईनं इकडे तिकडे बघितलं, चुलीतलं जळतं लाकूड ओढलं आणि त्यावर पाण्याचा हबका मारला. भातातलं पाणी वेळून काढता काढता पंचफुलाचा हात थांबला. तिनं बघितलं होतं. मीही.

खुशाल जेवायला बसला. दोन घास खाल्ले.

"माय, डाळ काहून कचकच लागून राहिली?"

"नळाचं पाणी होय ते."

"बेबीबाईच्या घरी तं शिजते म्हणे."

"बेबीबाईले दात हायेत का? तिले काय समजते?"

"मंग आठ दिवस आपल्या घरी कशी शिजली?"

"आठ दिवस तुही बायको दुप्पट लाकडं जाळून राहिली. लाकडं का तुह्या स्टेशनावरून येतात?"

खुशालनं आणखी एक घास चावला. बराच वेळ चावला. मग पोत्याकडे बघून म्हणाला, "राहू द्या मंग गुंड."

ऊन उतरल्यावर शकुनबाईनं मला पोत्यातून काढलं. तिचा अंगठा माझ्या पोच्यावर गेला आणि तिथंच थोडा थांबला. मग तिनं मला सुनेच्या कमरेवर दिलं.

"उजेड हाये तवर ये. अन् बुरजावर चढतानी तिसऱ्या पायरीवर पाय देऊ नको. हालते ते."

पंचफुलानं सासूकडे बघितलं, मग माझ्या उजव्या कुशीकडे.

"मामीजी, हा गुंड अंगणात पडला होता ना?"

"अंगणातच पडला होता," शकुनबाई म्हणाली. "जाय आता."

त्या संध्याकाळी पंचफुला तिसरी पायरी सोडून वर गेली. मी खाली होतो, त्यामुळे वरून काय दिसलं ते मला माहीत नाही. घरी आल्यावर दोघी चुलीपाशी बसून हळू आवाजात बोलत होत्या. एक विचारत होती, "तो पळस हाये का अजून?" आणि दुसरी सांगत होती.

त्याला आता चार वर्षं झाली. माझा तळ झिजलाय, गळ्यावरचं नाव पुसट झालंय. एक दिवस मोडीत जायचंच आहे, त्याचं मला वाईट वाटत नाही. एवढंच मागणं आहे: एखादी बाई भरलेला गुंड घेऊन उशिरा परतताना दिसली, तर तिला वाट द्या, वेळ विचारू नका. आणि यातलं काही खुशालच्या कानावर घालू नका. तो अजूनही ताटातली डाळ बोटानं चेपून बघतो आणि पाहुण्यांना सांगतो, पाण्यापाण्यात फरक असतो.