मावशीने रोख मागितले होते

मी एक जुने एटीएम आहे, मित्रांनो. आता माझ्यात वीज नाही आणि माझा पडदा मधोमध तडकला आहे. सध्या मी एका गोदामात भिंतीकडे तोंड करून उभा आहे. माझ्या आजूबाजूला माझ्याच जातीची आणखी अकरा यंत्रे आहेत. आम्ही एकमेकांशी बोलत नाही. पण माझ्या गोष्टीत एक मावशी आहे, आणि तिच्याबद्दल कोणाला तरी सांगावे असे मला वाटते.

माझा जन्म कारखान्यात झाला. जाड पोलादाचे अंग, पोटात तिजोरीचे चार खण, आणि नोट ओढून घेणारी लहान लहान रबरी चाके. मी पहिल्यांदा जे मोजले ते नोटेच्या मापाचे कोरे कागद होते. पुढे खऱ्या नोटा आल्या तेव्हा मला वेगळे काही वाटले नाही. यंत्राला कागद तो कागद.

मग एका बँकेच्या बाहेर, काचेच्या लहानशा खोलीत मला बसवले. बँकेत पैसे द्यायच्या तीन खिडक्या होत्या. मी आल्यावर दोन बंद झाल्या. त्यांतल्या एका खिडकीवरच्या रोखपालाला माझ्या शेजारी उभे केले, लोकांना माझी सवय लागावी म्हणून. ज्याची खिडकी माझ्यामुळे गेली त्यालाच माझी ओळख करून द्यायचे काम मिळाले. त्याने ते मनापासून केले.

पहिल्याच आठवड्यात एक आजी आल्या. त्यांनी माझ्या फटीत डोकावून पाहिले.

"आत कोण बसलंय?"

"कोणी नाही, आजी."

"मग पैसे कोण देतंय?"

"तेच मलाही बँकेला विचारायचंय," रोखपाल म्हणाला आणि त्याने आजींचे कार्ड सुलट करून दिले.

हळूहळू लोकांची भीती गेली. महिन्याच्या पहिल्या तारखेला माझ्यासमोरची रांग कोपऱ्यापर्यंत जायची. "यंत्र असावं तर असं," लोक म्हणत. माझ्या खोलीत गारवा असे, म्हणून काही जण पैसे नको असतानाही आत येऊन घाम पुसत उभे राहत. दारात एक पहारेकरी होता. तो लोखंडी स्टुलावर बसून सगळ्यांची विचारपूस करायचा. माझे ते चांगले दिवस होते. मला तेव्हा ते चांगले आहेत हे समजले नव्हते.

माझ्या काचेच्या दारातून रस्त्यापलीकडचे एक दुकान दिसायचे. दुकान एकच, पण त्याचे दोन भाग होते. डाव्या बाजूला घड्याळजी डोळ्याला भिंग लावून घड्याळे दुरुस्त करत असे. उजव्या बाजूला त्याची बायको बटणे, लेस, चेन आणि दोरे विकत असे. तिला सगळे बटणवाली मावशी म्हणत. तिच्यामागे छतापर्यंत पुठ्ठ्याचे डबे रचलेले होते आणि प्रत्येक डब्यावर आतल्या बटणाचा एकेक नमुना टाचलेला असे. त्यांची एकुलती मुलगी शाळेतून आली की गल्ल्यामागे बसून अभ्यास करायची.

मग फोन आले. वेळ बघायला लोकांना मनगट लागेनासे झाले. घड्याळजीच्या समोर आधी दहा घड्याळे असायची, मग चार, मग एकच, आणि तेही त्याचे स्वतःचे. तो वाईट माणूस नव्हता, मित्रांनो. रिकाम्या हातांचे काय करावे हे त्याला कळत नव्हते. त्याने फोन घेतला आणि कुठल्याशा फोनमधल्या नाण्यात पैसे गुंतवायला सुरुवात केली. हे नाणे हातात घेता येत नव्हते. ते फक्त पडद्यावर वर जायचे आणि खाली यायचे.

"ज्यानं माझा धंदा खाल्ला, तोच मला परत देणार," तो मावशीला सांगायचा.

आधी घरातली शिल्लक गेली. मग मावशीचे शिलाई मशीन गेले. आकडा वर गेला की तो मुलीसाठी नवीन पुस्तके आणायचा, खाली आला की दोन दिवस जेवायचा नाही. त्याने मावशीचे खातेही सोयीसाठी म्हणून आपल्या फोनवर जोडून घेतले. दुकानात पैसे घ्यायचा चौकोनी कोड लावला, तोही त्याच्याच नावाचा. शेजारी एक लहान डबा ठेवला. गिऱ्हाइकाने फोनवरून पैसे दिले की तो डबा मोठ्याने रक्कम सांगायचा.

मावशी एका कारखान्यासाठी शर्टांना काज-बटण करून द्यायची. त्याचे पैसे महिन्यातून एकदा तिच्या खात्यात यायचे. ज्या दिवशी यायचे त्या दिवशी दुपारी ती रस्ता ओलांडून माझ्याकडे यायची आणि सगळे काढून घ्यायची. नवऱ्याला म्हणायची, "माल आणायचाय." अर्ध्या पैशांचा माल यायचा. उरलेले अर्धे सगळ्यात वरच्या डब्यांत, कोटाच्या मोठ्या बटणांखाली जायचे. मुलीला नर्स व्हायचे होते. त्या शिक्षणाची फी जमत होती.

हे रोखपालाला माहीत होते. तोपर्यंत तो निवृत्त झाला होता. पहारेकऱ्याला काढून टाकून त्याच्या जागी कॅमेरा बसवला होता, पण स्टूल तसेच राहिले होते. रोखपाल दुपारी त्यावर येऊन बसायचा.

"घरी बोलू नका हं," मावशी नोटा ओच्यात खोचत म्हणायची.

"मी कशाला बोलतोय? आणि नोट काही बोलत नाही. कोणाकडून आली, कुठं चालली, तिच्या पोटात राहतं सगळं. त्या फोनच्या पैशाला मात्र तोंड फार."

अशी चार वर्षे गेली. या चार वर्षांत माझ्याकडे येणारे लोक कमी होत गेले. गारव्याचे यंत्र बंद पडले, ते कोणी दुरुस्त केले नाही. कोपऱ्यात जुन्या पावत्यांचा ढीग साचला. पूर्वी माझ्यात रोज नोटा भरत, आता पंधरा दिवसांनी भरू लागले. रस्त्यावर तर भाजी, पाव, बसचे तिकीट, सगळे फोनवर. लोक पाकीट ठेवायचेच विसरले. मला वाईट वाटले का, असे तुम्ही विचाराल. मला आठवत नाही.

मुलगी बारावी झाली. नर्सिंगच्या शाळेत तिचे नाव लागले. फी भरायला तीन आठवडे होते.

एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास सगळे फोन बंद पडले. म्हणजे चालू होते, पण त्यांतून काही जात नव्हते आणि काही येत नव्हते. पहिला तासभर लोक हसत होते. मग बसवाल्याने माणसे खाली उतरवली. दुकानदारांनी वजन केलेला माल परत ठेवला. आणि मग सगळ्यांना माझी आठवण झाली. दुपारपर्यंत माझ्यासमोर पुन्हा कोपऱ्यापर्यंत रांग लागली.

मित्रांनो, दोनच दिवसांपूर्वी माझ्यात नोटा भरल्या होत्या. माझे चारही खण भरलेले होते. पण कोणाला पैसे देण्याआधी मला दूरच्या मुख्य यंत्राला विचारावे लागते. मी विचारले, उत्तर आले नाही. बँकेतली उरलेली एक खिडकीही त्याच मुख्य यंत्रावर चालायची, तीही बंद होती. मी पडद्यावर लिहिले: सेवा उपलब्ध नाही, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा. असे मी त्या दिवशी दोनशेहून अधिक वेळा लिहिले.

कोपऱ्यावरचा बेकरीवाला आत आला तेव्हा त्याच्या खांद्यावर त्याची सहा वर्षांची नात होती. तिला दम लागला होता. प्रत्येक श्वासाबरोबर तिच्या गळ्याखाली खड्डा पडत होता. औषधवाल्याने त्याच्याजवळचा श्वासाचा पंप पैसे न घेता देऊन पाहिला होता. डॉक्टरांनी मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितले होते. टॅक्सीवाला रोख मागत होता, दवाखानाही भरती करायला रोख मागत होता. बेकरीवाल्याचे सगळे पैसे फोनमध्ये होते. त्याने तीनदा कार्ड घातले. तीनदा मी तेच वाक्य लिहिले. मग त्याने नातीला खाली ठेवले, लोखंडी स्टूल उचलले आणि माझ्या पडद्यावर घातले.

रोखपालाने त्याचा हात धरला. "अरे, त्याला मारून काय उपयोग? त्याला नाही कळत."

"पैसे आत आहेत ना पण?"

"आहेत. वरून विचारल्याशिवाय द्यायचे नाहीत, असं त्याला शिकवलंय." रोखपालाने स्टूल त्याच्या हातातून काढून घेतले. "पुढं माणसांचंही असंच होणार. हात भरलेले असतील, पण कोणी वरून हो म्हटल्याशिवाय पुढं करायचे कसे ते आठवणार नाही."

हे बोलणे चालू असताना बटणवाली मावशी रस्ता ओलांडून आली. पलीकडूनच तिला बेकरीवाल्याच्या नातीची धाप दिसली होती. ती तशीच मागे फिरली. परत दुकानात गेली, लहान शिडीवर चढली आणि वरचा एक डबा काढला. घड्याळजी तेव्हा नेटवर्क शोधत गावाबाहेरच्या टेकडीवर गेला होता. मावशीने नोटांचा एक गठ्ठा बेकरीवाल्याच्या हातात दिला. नोटांबरोबर दोन काळी बटणेही गेली.

"मावशी, हे..."

"आधी पोरीला ने. बोलत काय बसलास!"

हे रांगेतल्या सगळ्यांनी पाहिले. एका बाईला माहेरी जायचे होते, तिचे वडील गेले होते. एका गवंड्याच्या घरी पीठ नव्हते. एकाला आईची इंजेक्शने आणायची होती. पुढचे तीन दिवस ते एकेक करून मावशीकडे आले, आणि एकेक डबा खाली आला.

"आई, माझी फी?" मुलीने विचारले. तिने शिडी धरली होती.

"येतील की परत. सगळी ओळखीची माणसं आहेत."

आणि मावशीने प्रत्येकाला हळू आवाजात एकच सांगितले होते, "एवढं करा, परत देताना रोख द्या." सगळे म्हणाले, हो हो. का, असे कोणी विचारले नाही.

शुक्रवारी दुपारी चार वाजता फोन पुन्हा चालू झाले. मित्रांनो, त्या रस्त्यावरची माणसे प्रामाणिक होती. एकानेही पैसे बुडवले नाहीत. संध्याकाळच्या आतच ते दुकानासमोर येऊ लागले. प्रत्येकाने गल्ल्यावरच्या कोडसमोर फोन धरला. शेजारचा डबा मोठ्याने रकमा सांगू लागला.

मावशी कोडवर हात ठेवून उभी राहिली. "अहो, रोख म्हटलं होतं मी."

"रोख कुठून आणू, मावशी? बँक बंद झाली, आणि ते बघा, एटीएम फुटलंय." गवंड्याने माझ्याकडे बोट दाखवले आणि तिच्या बोटांच्या फटीतून कोड टिपला. "वाजलं बघा. आले तुमचे पैसे."

बेकरीवाला शेवटी आला. नात बरी होती, दुसऱ्या दिवशी घरी येणार होती. त्याने घेतले होते त्याहून जास्त पाठवले. "वरचे पोरीच्या शिक्षणाला, माझ्याकडून," तो म्हणाला. डब्याने तीही रक्कम सांगितली. मावशीने मग त्या डब्याची वायर ओढून काढली. डबा गप्प झाला, पण पैसे कुठे जायचे ते जाऊन पोचले होते.

थोड्या वेळाने घड्याळजी धावतच आला. त्याच्या हातात फोन होता.

"अगं, एवढे पैसे कुठून आले?"

"पोरीच्या फीचे आहेत. चार वर्षं साठवलेत मी," मावशी म्हणाली. तिने काही लपवले नाही. "माझे मला दे."

त्याला राग आला नाही. उलट त्याचे डोळे भरून आले. "एकटीनं केलंस? मला सांगितलं असतंस तर? थांब, आता दहा दिवस दे फक्त. नाणं वर चाललंय. दुप्पट करून देतो, वसतिगृहाचंही होईल."

"नको दुप्पट. आहेत तेवढे दे."

"अगं, माझीही मुलगी आहे ती."

ती पुढे काय बोलली ते मला ऐकू आले नाही. रस्त्यावरून एक ट्रक जात होता.

त्याने ते सगळे पैसे नाण्यात घातले, आणि अकराव्या दिवशी फोनमधले ते नाणे उघडेना. घड्याळजी दुकानाच्या पायरीवर बसून दिवसभर बोट लावत राहिला. पडद्यावर काय लिहून येत होते ते रोखपालाने वाकून वाचले आणि मान वळवली. ते वाक्य मला पाठ होते. पुढे पडद्यावरचे तेही वाक्य गेले आणि काहीच उरले नाही. फी भरायची तारीखही गेली. बेकरीवाल्याला हे कळले तेव्हा तो बेकरी बंद करून दोन दिवस घरी बसला. त्याचा काही दोष नव्हता. कोणाचाच नव्हता, असे लोक म्हणाले.

मुलगी आता मोठ्या दवाखान्यात सफाईचे काम करते. ज्या वर्गात नर्सिंगच्या मुली शिकतात, त्याच्या बाहेरचा जिना तिच्याकडे आहे. हे रोखपालाने एका दुपारी सांगितले. कोणाला सांगितले कोण जाणे, खोलीत माझ्याशिवाय कोणी नव्हते.

बँकेने मला दुरुस्त केले नाही. एक दिवस चार माणसे आली, माझे बोल्ट काढले आणि माझे पोट उघडले. चारही खण तसेच भरलेले होते. त्यांनी नोटा मोजल्या. एकही कमी नव्हती. मावशी दारात येऊन उभी होती.

"हे त्या दिवशी आतच होते?" तिने विचारले.

"हो, मावशी," त्यांतला एक जण म्हणाला.

"बरं," मावशी म्हणाली. मग तिच्या दुकानात गिऱ्हाईक आले. कोणाला तरी सहा पांढरी बटणे हवी होती. ती गेली.

मित्रांनो, नोट चांगली की फोन चांगला, हे मला ठरवता येत नाही. मीही एकेकाळी नवीन होतो, आणि माझ्यामुळेही खिडक्या बंद झाल्या. उद्या आणखी नवीन काही येईल, तेही वापरा. मी फक्त एवढेच मागतो. एखादे माणूस हळू आवाजात म्हणाले, की मला हे असेच द्या, तर त्याला तसेच द्या. आणि तसे देता येत नसेल, तर काही पाठवण्याआधी, त्याच्यासमोर उभे राहून, का, एवढे तरी विचारा.