चौकडीतला धागा

"कापडाचं थान बदललंय कुणीतरी," दाजी म्हणाले, आणि 'कुणीतरी' म्हणताना माझ्याकडेच बघितलं.

आम्ही दोघं कापड गिरणीत तपासणीला. खालून दिवा लावलेल्या काचेवरून कापड ओढायचं आणि तुटका धागा, गाठ, डाग हुडकायचा. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांनीच मला इथे चिकटवलं. साध्या पांढऱ्या कापडातला सुटलेला धागा ते जाता जाता दाखवायचे. अख्ख्या खात्यात त्यांच्या नजरेचा दबदबा होता. मग बारीक चौकडीचं कापड सुरू झालं आणि त्यांनी पास केलेली थानं दोष निघून गिऱ्हाइकाकडून परत यायला लागली. शेवटी मॅनेजर म्हणाला, अजून एक आलं तर तुम्ही गोदामात.

तेव्हापासून दाजींना जिकडेतिकडे पाणी मुरताना दिसू लागलं. थानं बदलल्याचा संशय आधी शिक्के मारणाऱ्यावर, मग घडी घालणाऱ्यावर, शेवटी माझ्यावर. कारण ते हलले की खुर्ची मलाच मिळणार. मी चहा नेऊन दिला तरी ते आधी माझ्या तोंडाकडे बघत, मग कपाकडे. संताप यायचा. ताईकडे बघून गिळायचो.

"काल या थानातला निळा धागा मीच वीतभर उपसून काढलाय. खूण म्हणून! आज ती खूण आहे का बघ."

चोर पकडायला या गृहस्थाने चांगलं कापड बिघडवलं होतं. मी वाकून बघितलं. मलाही काही दिसेना. रेघांशेजारी रेघा, नजर कुठे ठरतच नव्हती.

"आता चल मॅनेजरकडे."

"अहो दाजी, थान पळवून मी काय तंबू ठोकणार आहे?"

ते हसले नाहीत. मी दोन्ही तळहात कापडावर टेकवले, मधे बोटभर फट ठेवली आणि ती हळूहळू सरकवत नेली. आजूबाजूच्या रेघा झाकल्या गेल्या. थोडं पुढे गेल्यावर फटीत निळ्याची जागा रिकामी दिसली.

"हात काढ," दाजी म्हणाले.

काढले. खूण रेघांत बुडून गेली.

"ठेव."

पुन्हा दिसली.

"म्हणजे परत आलेली ती सगळी..." दाजी म्हणाले. क्षणभर मला बरं वाटलं होतं; त्यांचा चेहरा बघून त्याचीच लाज वाटली.

आवाज ऐकून मॅनेजर आला. "काय भानगड आहे?"

"काही नाही साहेब, आम्ही आपलं..." मी सारवासारव करायला लागलो.

"थान नीट बघता आलं नाही मला," दाजी म्हणाले. "चौकडी यापुढे ह्याच्याकडे द्या. पोरगा सरळ आहे."

मॅनेजर गेल्यावर त्यांनी साधं पांढरं थान काचेवर ओढलं. त्यात कसलाही दोष नव्हता, मला लांबूनच दिसत होतं. दाजी मात्र दोन्ही तळहात टेकवून, मधल्या फटीतून, ते इंच इंच बघत होते.