नऊ पावलं आणि उजवीकडे

कुणाचंही अंगण कागदावर घेण्याआधी मी त्या माणसाला त्यात चालायला लावते. काय हवं ते विचारत नाही. विचारलं की लोक पाहुण्यांना दाखवायचं अंगण सांगतात. कारंजं सांगतात, झोपाळा सांगतात, आणि सहा महिन्यांनी त्याच झोपाळ्यावर ओले टॉवेल वाळत पडलेले असतात. चालताना मात्र कुणाला सोंग आणता येत नाही. माणूस कुठे थांबतो, कुठून वळसा घेतो, कुठे ऊन लागून डोळे मिचकावतो, ते मी बघते आणि चुन्याची फक्की टाकून खुणा करते. पंधरा वर्षांत या पद्धतीने मला कधी तोंडघशी पाडलं नव्हतं. त्यामुळे थोडी मिजासही चढली होती, खोटं कशाला बोलू.

घड्याळजींचं अंगणही मी असंच मोजलं. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, वय अठ्ठ्याहत्तर, दोन वर्षांपूर्वी दोन्ही डोळ्यांनी दिसेनासं झालेलं. बायको त्याआधीच गेलेली. स्वयंपाकाला एक बाई येत, बाकी घरात ते एकटे. घर त्यांना पाठ होतं, साखरेचा डबाही न चाचपडता काढत. घोडं अडलं होतं ते मागच्या अंगणात. तिथे उखडलेल्या फरश्या, खड्डे, आणि मधोमध बायकोने हौसेने बांधून घेतलेला कमळांचा हौद. जमिनीच्या पातळीत, गुडघाभर पाण्याचा. हौदाला वळसा घालून गेलं की बाक. त्या बाकावर बसल्याशिवाय त्यांची सकाळ होत नसे. असंच एकदा जाताना ते पडले आणि मनगट मोडून बसले.

त्यांची मुलगी दुसऱ्या शहरात, आठव्या मजल्यावर राहते. तिने निर्वाणीचं सांगितलं. अंगण नीट करून घ्या, आणि दारापासून बाकापर्यंत एकटे जाऊन मला दाखवा. जमलं तर इथे राहा, नाही जमलं तर माझ्याकडे चला. घड्याळजींनी कबूल केलं आणि मला फोन लावला.

"मुलगी वाईट नाही," पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले. "पण तिच्या घरी मी सोफ्यावरून उठायला लागलो की तीन माणसं धावत येतात. मला माझ्या घरात राहू द्या, एवढंच तुमचं काम."

"एवढंच?"

"आणि हौदाला कठडा नको. पाण्याला हात लागला पाहिजे. वळण कळावं म्हणून पायाखाली ते खरखरीत पट्टेबिट्टेही नकोत, मी काही रेल्वेच्या फलाटावर राहत नाही. मला मोजता येतं."

तिथे मी हट्ट धरायला हवा होता. पण गुळगुळीत दगडाची सलग पायवाट मलाही दिसायला छान वाटत होती, म्हणून मी मान डोलावली. मग त्यांना माझा दंड धरायला लावला आणि चालवलं. दारापासून सरळ नऊ पावलं, उजवीकडे वळायचं, पुढे पाच, की बाक. वळणाच्या आतल्या कोपऱ्यात हौद. आम्ही दोनदा गेलो, दोन्ही वेळा तोच आकडा. नऊ, उजवीकडे, पाच. ते शाळकरी मुलासारखं पाठ म्हणत होते आणि मी वहीत लिहून घेत होते. सोमवारी गवंड्याने शेवटचा दगड बसवला. मुलगी शनिवारी चार वाजता येणार होती.

शनिवारी दुपारी मी दुसऱ्या एका बंगल्यावर होते. तिथल्या जोडप्याला बागेत फक्त पांढरी फुलं हवी होती, आणि सासूबाईंना त्या सगळ्या प्रकाराबद्दल एक अक्षरही बोलायचं नव्हतं. त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. मी नेहमीप्रमाणे त्यांना नव्याने सपाट केलेल्या मातीवरून चालवलं. जाताना त्यांनी सुनेचा हात धरला होता. कुंपणापाशी पोचल्यावर सून काहीतरी बोलली, सासूबाईंनी हात झटकला आणि फणकाऱ्याने एकट्याच परत आल्या.

मी ठसे मोजायला वाकले. जाताना आठ, येताना अकरा.

पुन्हा मोजले. अकराच. तेच अंतर, तीच बाई. हात धरलेला असताना ढांग लांब पडलेली, एकटी असताना पावलाला पाऊल जवळजवळ खेटलेलं.

घड्याळजींना मी एकदाही एकटं चालवलं नव्हतं. नऊ पावलं ही माझ्या दंडाला धरून टाकलेली पावलं होती. एकटे निघाले की त्यांचं पाऊल आखूड पडणार, नऊ पावलांत ते वळणापर्यंत पोचणारच नाहीत, आणि नवव्याला उजवीकडे वळले की समोर हौद.

सव्वातीन वाजले होते. घड्याळजींचा फोन लागेना. दुपारी डोळा लागावा म्हणून ते रिसीव्हर बाजूला काढून ठेवत, हे मला माहीत होतं. मुलीच्या फोनची घंटा वाजून वाजून बंद होत होती, म्हणजे ती गाडी चालवत असणार. पांढऱ्या फुलांना तिथेच सोडून मी निघाले.

वाटेत प्रत्येक सिग्नलला लाल दिवा. पुढे एक कचऱ्याची गाडी इतकी निवांत चालली होती की तिच्या ड्रायव्हरला उतरून दोन शब्द ऐकवावेसे वाटत होते. मी मोठ्याने वाक्यं जुळवत होते. 'आज नको, दगड अजून पक्के बसले नाहीत.' नाही, मुलगी म्हणणार, मग सोमवारीच काम संपलं असं कसं सांगितलंत? 'माझ्या मोजण्यात चूक झाली.' नाही, ती म्हणणार, म्हणजे अंगण धोक्याचंच आहे, चला माझ्याकडे. काहीही बोललं तरी घर त्यांच्या हातून जात होतं. आणि काहीच बोलले नाही तर ते पाण्यात जात होते. आणि खरं सांगते, मनाचा एक कोपरा स्वतःच्या नावाचीही काळजी करत होता. त्याची मला तेव्हाही लाज वाटली.

चारला दोन मिनिटं कमी असताना मी बाजूच्या फाटकातून आत शिरले. हे फाटक हौदाच्या बाजूला उघडतं. मुलगी लवकर पोचली होती. मागच्या दारात पायरीवर ती दोन्ही हातांनी पर्स घट्ट धरून उभी होती. घड्याळजी तिच्यापुढे, पायवाटेवर. नवा इस्त्रीचा शर्ट, हातात काठी नाही. काठी घेतली की मुलीला मी म्हातारा दिसतो, असं ते मला एकदा म्हणाले होते. ते निघालेले होते.

"चार," ते पुटपुटले. "पाच."

पावलं आखूड होती, मला वाटलं होतं त्याहून आखूड. मी मुलीकडे बघितलं. तिने ओठावर बोट ठेवलं. तीसुद्धा श्वास रोखून उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला अजून आठवतं. त्यांना जमावं असं तिलाही वाटत होतं.

"सात. आठ."

वळण अजून दोन हात लांब होतं. हौदाची कड त्यांच्या उजव्या पायापासून वीतभर.

"नऊ."

"वळू नका," मी ओरडले.

ते दचकले. आवाज कुठून आला ते बघायला माणूस जसा वळतो तसे वळले, माझ्याकडे, उजवीकडे. पुढचं पाऊल पाण्यात पडलं आणि ते आडवे झाले.

आम्ही दोघींनी त्यांना बाहेर काढलं आणि बाकावर बसवलं. नडगी सोलवटली होती, बाकी काही झालं नव्हतं. मुलीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "बास, बाबा," ती म्हणाली. "उद्या सकाळी निघायचं आपण. आता मला काही ऐकायचं नाही." ती टॉवेल आणि कोरडे कपडे आणायला आत गेली.

"माझं चुकलं," मी म्हटलं. "हात धरून मोजलं होतं मी. एकटे चाललात तर नऊ पावलांत पोचत नाही, हे मला आज दुपारी कळलं."

"मला मंगळवारीच कळलं," घड्याळजी म्हणाले. शर्टातून पाणी गळत होतं आणि आवाज अगदी शांत होता. "रोज दोनदा चालतोय. आधी काठी घेऊन, मग काठीशिवाय. एकट्याची अकरा होतात, वळल्यावर सहा. माझी अजून दोन बाकी होती."

"मला सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही विचारलं कुठे?"

आणि ते उठले. मी हात पुढे केला तो त्यांनी नुसत्या बोटांनी बाजूला सारला. बाकापासून सहा पावलं टाकली, डावीकडे वळले आणि चालू लागले. मी दोन हात अंतर ठेवून मागे, दोन्ही हात पाठीशी घट्ट बांधून. तोंडातून शब्द जाऊ नये म्हणून दात आवळून धरले होते. हौदाच्या कडेने ते सरळ गेले. अकराव्या पावलाला त्यांचा पाय पायरीला लागला आणि ते थांबले. मला रडू आवरेना.

दार उघडून मुलगी टॉवेल घेऊन बाहेर आली. आम्हाला दोघांना पायरीशी बघून तिने सुस्कारा सोडला. "बरं झालं धरून आणलंत ते."

"मी धरलं नव्हतं," मी म्हटलं. "ते एकटे आले. हात लावला नाही मी, शपथ."

तिने माझ्याकडे बघितलं. नजरेत राग नव्हता, तेच जास्त लागलं. "तुम्हाला वाईट वाटतंय, कळतंय मला," ती म्हणाली. "पण आता त्यांच्यासाठी खोटं नका बोलू."

मी घड्याळजींकडे बघितलं. ते खरं सांगतील, पुन्हा चालून दाखवतो म्हणतील, म्हणून वाट बघत राहिले. त्यांनी टॉवेल घेऊन तोंड पुसलं. "आता रडू नकोस, येतो मी," ते मुलीला म्हणाले. पायरी त्यांना पाठ होती, तरी त्यांनी मुलीने पुढे केलेला हात धरला आणि आत गेले.