उद्या येतो, सिस्टर

मित्रांनो, माझा पांढरा रंग नखाने खरवडलात, तर खाली पावाचं चित्र दिसेल. केंटकीच्या डोंगरांत घरोघर पाव पोचवणारी मी जुनी गाडी. कोळशाच्या खाणी बंद पडल्या, मग बेकरी बंद पडली आणि मी गंजत पडले. पुढे दुखण्यावरच्या गोळ्यांच्या व्यसनाने सगळं खोरं धरलं. ते सोडवायचं औषध मिळे दोन तासांवरच्या शहरात. म्हणून मला खिडकी बसवली आणि चर्चच्या आवारात उभं केलं.

रोज सकाळी माझ्यातली नर्स, डेल्फिया सिस्टर, खिडकीतून लाल औषधाचा पेला देते. प्यायल्यावर काहीतरी बोलावंच लागतं, म्हणजे घोट तोंडात लपवलेला नाही हे कळतं. खाणीत पाठ मोडलेला आर्विल नेहमी एकच बोलायचा, "उद्या येतो, सिस्टर."

"दुसरं काही सुचत नाही का रे तुला?"

"सुचतं की! पण चर्चच्या आवारात बोलण्यासारखं नसतं."

घरी मात्र त्याने पाठ शेकायला जातो अशी थाप मारली होती.

मे महिन्यात कबरी सजवायचा सण आला. गुरुवारी सगळे औषध घेऊन गेल्यावर चर्चचं आवार सांभाळणारी आर्विलची आई, ओमामावशी, तरातरा आली. "पोरी, तीन दिवस हे धूड इथून हलव. परगावचे पाहुणे येणार. आमच्या दारात गर्दुल्ल्यांची रांग बघून काय म्हणतील?"

मला अकरा मैलांवर दगडखाणीत नेलं. सिस्टरने सगळ्यांना फोन करून जागा कळवली. आर्विलच्या घरी फोन मावशीनेच उचलला. रुग्णाचं नाव आईलाही सांगायचं नाही, असा नियम. "चुकून लागला," म्हणून सिस्टरने फोन ठेवला. मला तेव्हाच भीती वाटली.

शुक्रवारी तो आला नाही. शनिवारी, रविवारीही नाही. सोमवारी मी आवारात परतले, तेव्हा रांगेत त्याची जागा रिकामी होती. औषधाविना राहवेना म्हणून कुणाकडून तरी घेतलेली एकच गोळी त्याचा जीव घ्यायला पुरली होती. बुधवारी सजवलेल्या कबरींशेजारी नवी कबर खणली.

गुरुवारी मावशी खिडकीशी आली. सवयीने सिस्टर म्हणाली, "बोला."

"तो फोन तूच केला होतास ना?"

सिस्टरला नियम आठवला असेल. तिने मान खाली घालून पुढचा पेला भरला.

मित्रांनो, पुन्हा मे जवळ आलाय. मला हलवा म्हणून अर्जही आलाय. त्यावर मावशीची सही नाही, पण गावातल्या बाकीच्यांच्या आहेत. मला हलवण्याआधी रांगेतले चेहरे एकदा नीट बघा. त्यात तुमच्या घरचं कुणी असेल.