मोरीखालचा फिल्टर

अंबिकेला भोपाळला जायचं होतं. न पाहिलेल्या सरकारी क्वार्टरच्या न पाहिलेल्या खिडक्यांना तिने मनातल्या मनात पडदेसुद्धा लावून टाकले होते, आणि त्यातला एक पसंत न पडल्यामुळे बदललाही होता.

मध्यभारत जाणार, नवं राज्य होणार, कचेऱ्या भोपाळला हलणार, हे ऐकून ऐकून उज्जैनकरांचे कान किटले होते. श्रीपादच्या हातात हुकूम पडला तेव्हा अंबिकेला वाटलं, सरकारने ही सगळी उलथापालथ खास तिच्या संसारासाठीच मांडली आहे. दिवाळी झाली की हजर व्हायचं होतं. दोन खोल्या, एक नवरा, आणि सकाळचा चहा वाटेल तेव्हा! लग्नाला दोन वर्षं होत आली होती, तरी फ्रीगंजच्या या घरात नवऱ्याशी निवांत भांडायलासुद्धा जागा नव्हती.

अडचण एकच होती आणि ती स्वयंपाकघरात सोवळं नेसून बसली होती. सासूबाई, म्हणजे माई, श्रावणात काविळीने आडव्या झाल्या होत्या. त्या उठल्या तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, पाणी उकळलेलं नाहीतर फिल्टरचं, आणि यांच्यावर लक्ष ठेवायला घरात कुणीतरी हवं. उकळलेलं पाणी माईंना चालेना. "ते आजाऱ्यांचं पाणी. मी काय आजारी आहे?" त्यांनी हळदीसारखे पिवळे डोळे वटारून विचारलं होतं. लपूनछपून त्या अंगणातल्या विहिरीचंच पाणी पीत. घरात माईंचे धाकटे दीर तात्या होते, पण ते शिंदे सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून वहिनीपुढे तोंड उघडत ते फक्त जेवायला. तेव्हा अंबिकेने उज्जैनलाच राहायचं, असं ठरल्यासारखं झालं होतं.

"आई फिल्टरचं पाणी प्यायला लागली, तर बघू," श्रीपाद म्हणाला. म्हणताना चेहरा असा, की जणू क्षिप्रा उलटी वाहू लागली तर बघू.

फिल्टर अंबिकेच्या माहेरचा, इंदूरहून आलेला. पांढरा, चिनी मातीचा, दोन मजली. वरच्या मजल्यात पांढऱ्या मातीच्या दोन कँडल उभ्या, त्यांतून पाणी झिरपून खाली उतरायचं, खाली तोटी. माईंचं म्हणणं, त्या कँडल कुणाकुणाच्या हातांतून आल्या देव जाणे. म्हणून फिल्टरची रवानगी मोरीच्या कट्ट्याखाली झाली होती, राखेच्या डब्याशेजारी, दोन विटांवर. दर रविवारी अंबिका तिथे उकिडवी बसून त्याची सेवा करायची. कँडल घट्ट धरणाऱ्या खालच्या चाक्या सोडवायच्या, कँडल मऊ ब्रशने पाण्याखाली घासायच्या, उकळायच्या, कुठे तडा गेलाय का ते उजेडात बघायचं, रबराचे वायसर नीट बसवायचे. माई लांबून बघत, पण बघत शेवटपर्यंत.

"सूनबाई," तात्या म्हणायचे, "इतनी सेवा तर कुणी देवाचीसुद्धा करत नाही!"

आणि वसुबारसेला माईंनी बाँब टाकला. "नरकचतुर्दशीला अभ्यंग झालं की पहिलं पाणी त्या तुझ्या भांड्यातलं घेईन. देवापुढे बोलले आहे. तोवर त्या दिवशी तोंडात थेंब घालायची नाही."

अंबिकेच्या हातातून चकलीचा सोऱ्या सुटला. श्रीपादने तिला कोपऱ्यात गाठलं. "तू काय केलंस?"

"अहो, काहीच नाही केलं! गप्प बसा, नाहीतर संकल्प मोडेल!"

चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी तिने फिल्टर नव्या नवरीसारखा लखलखीत केला आणि काठोकाठ भरला. रात्रभर तिला झोपेत ठिबकणं ऐकू येत होतं.

सकाळी गल्लीत फटाक्यांचा धुमाकूळ चालला होता. माई न्हाऊन, सोवळं नेसून, चांदीचं फुलपात्र घेऊन पाटावर बसल्या. अंबिकेने तोटी फिरवली. काही नाही. आणखी फिरवली. तोटीने कोरडाठक्क आवाज केला. झाकण काढून बघते तो वरचा मजला तुडुंब, खालचा कोरडा.

श्रीपादने तोटीत फुंकर मारली. तात्या म्हणाले, जरा ठोका, आमचं घड्याळ तसंच चालतं. अंबिकेच्या डोळ्यांपुढे भोपाळच्या खिडक्यांचे पडदे एकेक करून गळून पडायला लागले.

"माई, आज विहिरीचंच घ्या," ती रडवेली होऊन म्हणाली.

"बोलले आहे मी," माई म्हणाल्या, आणि फुलपात्र हातात धरून बसून राहिल्या.

"वहिनी, मान जाओ," तात्या म्हणाले, "फराळ वाट बघतोय."

"भावजी, तुम्ही खा. संकल्प तुमचा नाही."

तात्यांनी तेवढं मात्र लगेच ऐकलं.

अंबिकेने पदर खोचला आणि ती कट्ट्याखाली शिरली. वरचं पाणी उपसलं, चाक्या सोडवल्या. कँडल हातातून सुळकन निसटली. पांढरी कँडल पिवळी झाली होती, बोटं तेलकट, आणि वास? तिने पुन्हा हुंगलं. तिळाचं तेल. त्यावर कचोरा, नागरमोथा, चंदन.

"माई," ती हळूच म्हणाली, "याला उटणं कुणी लावलं?"

"मी!" माई ताठ मानेने म्हणाल्या. "पहाटे, माझ्याआधी. घरात नवं माणूस घ्यायचं तर पहिल्या सणाला न्हाऊ घालायला नको? तेल चांगलं मुरवून चोळलं. दोघींनाही, भेदभाव नाही. आणि खालचं शिळं पाणी ओतून दिलं, वर ताजं भरलं. आता ते माझ्या सोवळ्यात आलं."

अंबिकेने आवरायचा प्रयत्न केला, पण हसू आलंच. मोरीखाली बसल्या बसल्या ती इतकी हसली की डोकं कट्ट्यावर आपटलं, आणि मग आपटलं म्हणून हसली. श्रीपाद भिंतीला टेकून हसत होता. तात्यांच्या घशात शंकरपाळा अडकला.

"हसायला काय झालं?" माई चिडल्या.

"माई, त्या कँडलला बारीक बारीक छिद्रं असतात. पाणी त्यांतूनच येतं. तुम्ही ती सगळी तेलाने बुजवलीत!"

माईंनी कँडलकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, आणि त्यांचेही ओठ थरथरायला लागले. "अग बाई! म्हणजे मी तिचं नाक-तोंड बंद केलं की!" त्या पाटावर मागेपुढे डुलत हसल्या.

मग धुण्याचा सोडा घालून कँडल उकळल्या, घासल्या, पुन्हा उकळल्या. फराळाला आलेल्या शेजारणींना श्रीपादने ओसरीवर थोपवलं. शेवटी फिल्टर जोडून भरला आणि चौघं कट्ट्यासमोर ओळीने बसले. टप्. "आया! आया!" तात्या ओरडले. पण पहिलं पाणी फेकून द्यावं लागतं म्हटल्यावर माईंनी सुनेकडे असं पाहिलं, की तिने दोनदा फेकायचं ते एकदाच फेकलं. दुपार कलली तेव्हा फुलपात्र भरलं आणि माईंनी ते एका दमात रिकामं केलं.

"जरा उटण्याचा वास येतोय," त्या म्हणाल्या. "पण चांगला आहे."

पुरुष उठून गेले. माई मात्र कट्ट्याखाली वाकून चाक्या न्याहाळत राहिल्या.

"हे सोडवायचं कसं, ते नीट शिकव मला. तू गेल्यावर मलाच करायचं आहे."

"कुठे गेल्यावर?"

"भोपाळला. मला काय कळत नाही, तू या भांड्यामागे का लागली होतीस? तुझ्या मामंजींची बदली भेलशाला झाली तेव्हा सासूबाईंच्या पथ्यासाठी मला इथे थांबवून घेतलं. त्या चांगल्या ठणठणीत होत्या गं. माझी मात्र चार वर्षं गेली. फार राग यायचा मला, अजून येतो." माईंनी नाक ओढलं. "तसा तुला माझा येऊ नये. म्हणून तर त्या मेल्या कँडलना पहाटे उठून तेल चोळत बसले."

अंबिकेने काही विचार न करता त्यांना मिठी मारली, ओल्या, तेलकट हातांनी.

"अगं, शिवलीस मला!" माई ओरडल्या. आणि सुनेला त्यांनी आणखी घट्ट धरलं.