दोरा ओवण्याच्या अकरा सूचना

सोमवारी इंग्रजीच्या बाईंनी आठवड्याचा गृहपाठ सांगितला. घरातलं एखादं काम कसं करायचं ते इंग्रजीत लिहायचं. शुक्रवारी बाई आमच्या वहीत बघून वर्गात ते काम करणार. लिहिलंय तेवढंच, पदरचं काही नाही.

तास संपल्यावर त्यांनी मला थांबवलं. "पुढच्या वर्षी विज्ञान इंग्रजीत आहे. यात वीसपैकी बारा मिळाले नाहीत तर तुझ्या विज्ञान शाखेच्या अर्जावर सही करणार नाही. आधीच सांगते."

विज्ञान सोडून मला दुसरं काहीच नको होतं.

मी मावशीकडे राहायचे. मावशी शिवणकाम करायची, म्हणून मी शिलाई मशीनमध्ये दोरा ओवण्याचं काम निवडलं.

"कसा ओवतेस, सांग ना."

"इथून घ्यायचा, इथून खाली, मग सुईत. झालं! त्यात काय रॉकेट उडवायचंय?"

मंगळवारी शब्दकोश उघडून मी नऊ सूचना लिहिल्या. बुधवारी त्या बघून स्वतःच दोरा ओवला आणि चाक फिरवलं. कापडाखाली दोऱ्याचं जाळं झालं. तीनदा केलं, तीनदा जाळं.

"तुझा हातच वाकडा," म्हणत मावशीनं ओवला. शिवण सरळ आली.

गुरुवारी मी तिचं ऐकणं बंद केलं आणि फक्त बघत बसले. एकेक हालचाल टिपत तिला पुन्हा पुन्हा दोरा ओवायला लावला. चौथ्या वेळी दिसलं. दोरा घेण्याआधी तिचा डावा हात सुईमागे गेला आणि मशीनचा कापड दाबणारा पाय त्यानं वर उचलला.

"तू पाय उचललास."

"मी? छे! काहीतरीच काय!"

"परत ओव."

तिनं परत उचलला, आणि शेजारणीचा असावा तसा स्वतःचा हात बघत राहिली.

मी पाय खाली ठेवून पाच वेळा ओवला आणि वर ठेवून पाच वेळा. खाली, पाचही वेळा जाळं. वर, पाचही वेळा सरळ शिवण. पाय वर असला की दोरा ताणून धरणाऱ्या आतल्या दोन चकत्या सैल होतात आणि दोरा त्यांच्यामध्ये नीट बसतो. ओवण्याआधी पाय उचला, ओवल्यावर खाली करा. नवाच्या अकरा सूचना झाल्या.

शुक्रवारी पहिला नंबर 'डिक्शनरी'चा, म्हणजे वर्गातल्या हुशार मुलीचा. पेन्सिलला टोक काढण्यावर तिनं लांबलचक, सुरेख वाक्यं लिहिली होती. कोणती बाजू आत घालायची, एवढंच लिहायचं राहिलं. बाईंनी शांतपणे खोडरबराची बाजू शार्पनरमध्ये घातली आणि वर्ग हसून लोळला.

मग मी. मावशी हातमशीन उचलून घेऊन आली आणि मागच्या बाकावर बसली. बाईंनी आयुष्यात मशीनला हात लावला नव्हता. माझी वाक्यं तीन-तीन, चार-चार शब्दांची. बाई एकेक वाचत, करत गेल्या. अकरावी झाली. त्यांनी चाक फिरवलं, कापड काढलं, उलटं करून पाहिलं. दोन्हीकडून सरळ.

मावशीला राहवेना. "ओढून बघा बाई! जोरात ओढा!"

बाईंनी ओढलं. एक टाका उसवला नाही.

"अठरा," बाई म्हणाल्या. "स्पेलिंगचे दोन कापलेत."

त्यांनी टेबलाच्या खणातून माझा अर्ज काढला आणि सगळ्यांसमोर सही केली. वऱ्हांड्यात धावायला सक्त मनाई होती. मी अर्ज घेऊन ऑफिसपर्यंत धावत गेले.