जावयाला आवडलेली गाडी

चंद्रभानजींनी निवृत्तीनंतर भंगार विकत घेतलं, तेव्हा समुद्रपुरात कुणालाच फारसं नवल वाटलं नाही. निवृत्त माणसाचं डोकं थोडं फिरणारच, हे आपल्याकडे धरूनच चालतात. कुणी भजनी मंडळ काढतो, कुणी सख्ख्या भावाविरुद्ध कोर्टात जातो. उभी हयात कॉलेजच्या ऑफिसात साहेबांच्या सह्या गोळा करण्यात घालवलेल्या या माणसाने गाडी घेतली, एवढंच.

पण गाडी साधी नव्हती. एका जिनिंगवाल्या शेठच्या पोराने कधीकाळी ही लाल जपानी सेडान गिरडच्या रस्त्याने अशी काही पळवली होती, की स्कूटरवरून चाललेले चंद्रभानजी कडेला थांबले आणि धूळ खाली बसेपर्यंत पाहतच राहिले. तेव्हापासून ती त्यांच्या मनात जाऊन बसली. पुढे शेठचा पोरगा आणखी मोठ्या गाडीत फिरू लागला आणि ही जिनिंगमागच्या टिनाच्या शेडमध्ये सरकीच्या पोत्यांशेजारी पडून राहिली. उंदरांनी वायरिंग खाल्लं, इंजिन आतून जाम झालं, मागच्या सीटवर कोंबड्यांनी अंडी घातली. चंद्रभानजींनी तिला ट्रॅक्टरला बांधून घरी आणलं, त्या दिवशी भागीरथाबाई दारात आरतीचं ताट नव्हे, झाडू घेऊन उभ्या होत्या.

"हे काय आनून ठेवलं माह्या अंगनात?"

"गाडी आहे."

"गाडी चालते. हे तं ओढून आनलं तुम्ही."

मग सुरू झाली तपश्चर्या. विहिरीतून पाण्याच्या मोटारी काढणारा रामाजी आपली तिपाई आणि चेन-पुली घेऊन आला, आणि दोघांनी मिळून मेलेलं इंजिन बाहेर काढलं. इंजिन निघालं ही बातमी गावात पसरली मात्र, माणसं भेटायला येऊ लागली. ऑपरेशन झालेल्या माणसाला भेटायला यावं तशी! शेजारचे बंडूजी तर बिस्किटाचा पुडा घेऊन आले, उघड्या बॉनेटमध्ये डोकावले, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "कधी काढलं? डॉक्टर... म्हंजे मिस्त्री काय म्हनते?" प्रत्येकाला चहा करावा लागे भागीरथाबाईंना, आणि प्रत्येक जण जाताना एक सल्ला ठेवून जाई. कुणी म्हणे ट्रॅक्टरचं इंजिन बसवा, डिझेल परवडते. कुणी म्हणे सरळ गॅसवर घ्या. एकाने तर आत पाण्याची टाकी बसवून गाडीचा टँकर करायला सांगितलं. उन्हाळ्यात पैसा होईल म्हणाला.

चंद्रभानजी कुणाचंच ऐकत नव्हते. जन्मभर सगळ्यांचं ऐकलेल्या माणसाला न ऐकण्याची चव लागली की ती सुटत नाही. नागपूरच्या भंगार बाजारातून त्यांनी त्याच कंपनीच्या, पण मोठ्या आणि दांडग्या गाडीचं इंजिन शोधून आणलं. ते बसेना. मग इंजिन ज्यावर टेकतं ते माउंटिंग कापा, नवीन करवून घ्या, रेडिएटर पुढे सरकवा, वायरिंगची एकेक तार जुळवून पाहा. मोबाईलवर कुण्या परदेशी पोराचे व्हिडिओ पाहून पाहून चंद्रभानजी इंग्रजीत पुटपुटायला लागले. उन्हाळ्यात पान्हा हातात धरवत नसे, तर तो पाण्याच्या बादलीत बुडवून काम करत. हात काळे, बनियन काळं, नखं तर कायमची काळी. आणि इतका सुखी माणूस समुद्रपुरात दुसरा नव्हता, हे मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही.

फक्त जावई तेवढा नडत होता. एकुलत्या एका मुलीचा, आकांक्षाचा नवरा पियुष नागपूरला बँकेत कर्जं मंजूर करायच्या खुर्चीवर बसायचा, त्यामुळे जगातल्या कुठल्याही वस्तूकडे ती बुडीत जाणार अशाच नजरेने पाहायची त्याला सवय. दर दिवाळीला यायचा, गाडीभोवती एक चक्कर मारायचा आणि म्हणायचा, "मामाजी, हे भंगार विकून टाका ना. लोखंडाचा भाव चांगला आहे सध्या." सासऱ्याने हसून घ्यायचं. जामाता दशमो ग्रहः! बाकीच्या नऊ ग्रहांची शांती तरी करता येते.

आणि यंदा गाडी सुरू झाली.

अशी सुरू झाली की बंडूजींच्या हातातली चहाची कपबशी थरथरली, पण ती आश्चर्याने. इंजिनाचा आवाज मात्र तुपासारखा होता. आरटीओत नव्या इंजिनाची नोंद झाली, लाल रंगाचा हात फिरला, सीटवरून कोंबड्यांच्या खुणा गेल्या. चंद्रभानजी रोज सकाळी तिला जाम गावच्या चौरस्त्यापर्यंत नेत आणि परत आणत. रस्त्याने कुणी लिफ्ट मागितली तरी देत नसत. ही एकच गोष्ट त्यांनी आयुष्यात स्वतःसाठी केली होती, आणि ती कुणाशी वाटून घ्यायची त्यांची अजिबात तयारी नव्हती.

नेमका यंदाच अधिक महिना आला. धोंड्याचा महिना, म्हणजे जावयाचा महिना. जावयाला बोलवायचं, जेवू घालायचं, तेहतीस अनारसे आणि वर काहीतरी वाण द्यायचं. मागच्या धोंड्याला भागीरथाबाईंनी चांदीचं निरांजन दिलं होतं, आणि त्याच महिन्यात हिंगणघाटच्या त्यांच्या बहिणीने आपल्या जावयाला सोन्याची अंगठी दिली. तेव्हापासून ते निरांजन भागीरथाबाईंच्या काळजात जळत होतं.

ठरल्या दिवशी पियुष आणि आकांक्षा त्यांच्या पांढऱ्या गाडीने आले. नाचणगावहून पियुषचे वडील महादेवरावही आले, कारण व्याही नसला तर वाण दिलेलं पाहणार कोण? जेवणाआधी चंद्रभानजींनी जावयाला गाडीत बसवलं आणि गिरडच्या टेकडीपर्यंत नेऊन आणलं. एवढं तरी त्यांना करायचंच होतं. भंगार म्हणणाऱ्या माणसाला त्या भंगाराच्या वेगाने एकदा सीटला चिकटवायचं, बस्स. पियुष चिकटला. परत येताना तो एक शब्द बोलला नाही, आणि ते मौन चंद्रभानजींना पद्मश्री मिळाल्याइतकं गोड लागलं.

पानं वाढली. आमरस, कुरड्या, पुरणाचे धोंडे, अनारसे. पहिला घास घेऊन पियुष म्हणाला, "मानलं मामाजी. गाडी एकदम झकास झाली."

सभ्य माणसाने सभ्यपणे काढलेला उद्गार होता तो. त्यात मागणं नव्हतं. पण सासूच्या कानाला जावयाची तारीफ वेगळीच ऐकू येते. भागीरथाबाईंचा वाढता हात थांबला. त्यांच्या डोळ्यांपुढून हिंगणघाटची अंगठी सरकत गेली आणि तिच्या जागी एक लाल गाडी येऊन उभी राहिली.

"आवडली न जावईबापू? मंग घेऊनच जा न! धोंड्याचं वान समजा!"

चंद्रभानजींच्या तोंडातला अनारसा तोंडातच राहिला. गिळवेना आणि थुंकवेना.

"नाही नाही मामीजी, एवढं कशाला!" पियुष घाईघाईने म्हणाला.

"हो न," चंद्रभानजींनी अनारसा कसाबसा आत ढकलला. "त्याहिले कायले तरास देतं?"

भागीरथाबाईंनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली, की अधिक महिन्यातली सगळी पुण्याई करपून जावी. आपल्याकडे पाहुण्याचं पहिलं 'नाही' कुणी मोजत नाही. दुसरंही नाही. यजमानाने आग्रह करायचा असतो. आणि महादेवराव त्यात नेमकं बोलायचं तेच बोलले. "आमचं काई मागनं नाई बरं, चंद्रभानजी. तुमचा जावई, तुमची हौस." म्हणजे शब्द ऐकला, आता फिरवून पाहा!

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. चंद्रभानजींना स्वतःच्याच गाडीचा आग्रह करणं आलं. त्यांनी तो असा केला, की ऐकणाऱ्याने कानावर हात ठेवावेत.

"घ्या न जावईबापू, घ्याच. पन एक सांगून ठेवतो, पेट्रोल लय पेते. नागपूरच्या गर्दीत तं पंपावरच राहान तुम्ही. पार्ट भेटत नाई. एसी मूड असला तरच चालते."

पियुषचा चेहरा उजळला. आत्तापर्यंत त्याला वाटत होतं, नाही म्हटलं तर सासऱ्याचं मन मोडेल. खरं म्हणजे गाडी त्याला आवडली होती ती चक्कर मारण्यापुरती. फ्लॅटखाली त्याला एकच पार्किंग होतं आणि त्यावर ही हप्त्याची पांढरी गाडी उभी राहायची. सासराच वाट करून देतोय म्हटल्यावर तो जोमाने पुढे सरसावला.

"तेच म्हणतो मी मामाजी! जुनी गाडी ती जुनीच. आणि तुम्ही मेहनत केली हे मान्य, पण शेवटी दुसऱ्या गाडीचं इंजिन आहे. जुगाड तो जुगाड. हायवेवर कधी दगा देईल सांगता येत नाही. आत्ताच येताना तिसऱ्या गिअरला थोडी ठकठक येतच होती."

चंद्रभानजींना फक्त मान हलवायची होती. "होय बापा, ठकठक आहे," एवढंच म्हणायचं होतं. गाडी अंगणात राहिली असती, जावई सुटला असता, आणि भागीरथाबाईंचं तोंड चार दिवस फुगून पाचव्या दिवशी उतरलं असतं.

"काय येत होती?" चंद्रभानजी म्हणाले.

"ठकठक. थोडीच."

"ठकठक?" ते पानावरून उठले. उष्टा हात तसाच. "मी तीन उन्हाळे तिच्याखाली झोपून काढले, अन् तुम्ही म्हनता ठकठक? जुगाड? चला. उठा. महादेवराव, तुम्हीबी चला."

"अवो, जेवन तं होऊ द्या!" भागीरथाबाई ओरडल्या.

पण आता कोण ऐकतो! भर दुपारच्या उन्हात, जेवती माणसं अंगणात आली. चंद्रभानजींनी बॉनेट उघडलं, इंजिन सुरू केलं, आणि महादेवरावांच्या हातातला पन्ह्याने काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला घेऊन थेट इंजिनावर ठेवला.

"एक थेंब सांडू द्या. एक! आत्ता भंगारवाल्याले देऊन टाकतो."

पन्हं नुसतं थरथरलं. सांडलं नाही. चंद्रभानजींनी हळूहळू रेस वाढवली. इंजिनाचा सूर चढत गेला आणि पेला पाटावर ठेवल्यासारखा बसून राहिला. मग त्यांनी पियुषला वाकायला लावलं, माउंटिंग दाखवलं, एकेक तार दाखवली, रेडिएटर का सरकवला ते सांगितलं. घामाने निथळत, डोळे लकाकत ते बोलतच होते. कंपनीने केलं नसतं असं वायरिंग! नवीन गाडीपेक्षा भरवशाची! काश्मीरपर्यंत न्या, बॉनेट उघडायची पाळी आली तर माहं नाव बदलून टाकजा! इतकं मन लावून चंद्रभानजी जन्मात बोलले नव्हते, आणि त्यांचं बोलणं जन्मात कुणी इतकं मन लावून ऐकलंही नव्हतं.

पियुषने पेला उचलला. इंजिनावर हात ठेवला. त्याच्या डोळ्यांतला बँकवाला कुठेतरी गेला होता, आणि तिथे एक पोरगा रस्त्याच्या कडेला थांबून काहीतरी पाहत उभा होता.

"मामाजी, माझं चुकलं," तो म्हणाला. "मी खरंच भंगार समजत होतो. पार्किंगचं काहीतरी बघतो मी. तुम्ही एवढ्या प्रेमाने देताय, तर नाही म्हणणं बरं नाही. घेतो मी गाडी."

"वा!" महादेवराव म्हणाले.

चंद्रभानजींचा हात बॉनेटवरच राहिला. चटका बसत होता, तरी काढायचं सुचलं नाही. बोललेलं सगळं आता त्यांना एकदमच ऐकू आलं, आणि ते इतकं चांगलं बोलले होते, की त्यातला एकही शब्द मागे घेण्यासारखा नव्हता.

भागीरथाबाईंनी बॉनेटला हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, अनारशांच्या ताटात किल्ली ठेवून फोटो काढून घेतला आणि तो तिथल्या तिथे हिंगणघाटला पाठवला. आकांक्षा मात्र बापाच्या तोंडाकडे पाहत होती. तिने त्यांना गोठ्याच्या सावलीत नेलं.

"बाबा, तुम्हाले द्यायची नाई न? नाई म्हना सरळ. मी समजावते याले."

चंद्रभानजींचे डोळे भरून आले. एवढं साधं होतं ते. पोरीने दार उघडून दिलं होतं, फक्त बाहेर पडायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं, आणि मग हळूच मिटलं.

"आता नाई म्हटलं," ते म्हणाले, "तं तो म्हनन, इंजिनात खोट होती म्हनून दिली नाई."

"बाबा!"

"जाय तू. ऊन उतरलं की निघा."

उन्हं उतरल्यावर महादेवराव पियुषची पांढरी गाडी घेऊन नाचणगावकडे गेले. आकांक्षाला शेजारी बसवून पियुषने लाल गाडी फाटकाबाहेर काढली, पाया पडायला खाली उतरला, पुन्हा बसला. चंद्रभानजींनी खिडकीत वाकून क्लच कसा सोडायचा ते सांगितलं, टायरची हवा सांगितली, आणि मग सांगायला काही उरलं नाही.

गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी ते फाटकाशी उभेच होते. आता तो तिसरा गिअर टाकेल. त्यांनी डोळे मिटले, श्वास रोखला, आणि निवृत्त हेडक्लार्क चंद्रभानजींनी देवाकडे एकच मागणं मागितलं: एक ठकठक. बारीकशी. बस, पोराने गाडी वळवावी एवढीच.

जामच्या रस्त्याने आवाज दूर दूर जात राहिला. कुठे अडकला नाही, कुठे खरखरला नाही. तुपासारखा सरळ निघून गेला, कारण काम चंद्रभानजींच्या हातचं होतं.